पुलावरचा आतला रूळ

तिसरा डबा पुलाच्या तोंडाशी उडाला आणि त्याचं उजवं चाक रुळाच्या बाहेर पडलं. मी वीस पावलं मागे चालत होते. डबा तसाच रुळांखालचे लाकडी स्लीपर सोलत चार-पाच हात पुढे गेला, मग अडकला आणि उजवीकडे कलला. त्यात तिघी बसल्या होत्या. कडेला होती ती माझी थोरली नणंद. तिचा एक पाय डब्याच्या आतल्या दांडीत अडकला होता आणि कमरेच्या वरची सगळी ती पुलाबाहेर लोंबत होती. खाली चार पुरुष खोल ओढा, परतीच्या पावसानं लाल झालेला.

पुलाला कठडा नव्हता. मलबा वाहायच्या पुलाला कठडा कोण घालतो?

इंजिन आणि पुढचे दोन डबे रुळावरच होते. ड्रायव्हरनं गाडी उभी केली. पहिल्या डब्यातला हलगीवाला वाजवायचा थांबला. डब्यांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, त्यातली एक सुटली आणि पाण्यात पडली. दसऱ्याची सकाळ होती.

नणंद मान न वळवता म्हणाली, "बये, कुणाला हलू दिऊ नगंस. खीळ सरकतीया."

तो डबा पलटी होणाऱ्या बनावटीचा होता. बाजूची एक लोखंडी खीळ काढली की डबा कुशीवर होतो आणि आतला मलबा खाली पडतो. त्या वेळी तिघींचा सगळा भार त्या एका खिळीवर आला होता आणि खीळ अर्धी बाहेर आली होती.

डबा घसरला तर तिथंच घसरणार हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. अंदाज नव्हे, माहीत होतं. म्हणून इतक्या वर्षांनीही त्या दसऱ्याची आठवण आली की मला रडू येत नाही, राग येतो.

आमच्या आंबेगाव तालुक्यात नव्वदनंतरच्या वर्षांत कालव्यासाठी डोंगरातून बोगदा काढत होते. बोगद्यातला दगडमातीचा मलबा ओढ्याच्या अलीकडे आणून टाकायला दोन फूट रुंदीची छोटी रेल्वे होती. एक इंजिन आणि लोखंडी डबे. आंबेगावात म्हणा, शेजारच्या जुन्नरात म्हणा, खरी रेल्वे अजून आलेली नाही. आम्ही पाहिली ती रेल्वे तेवढीच, आणि ती आम्ही नुसती पाहिली नाही, हातांनी सांभाळली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिनोलीच्या पुढे आमचं गाव. नवरा मंचरच्या बाजारात हमाली करायचा. नणंद नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. तिनं सोडलं होतं, त्यानं नाही. हे ती प्रत्येकाला विचारण्याआधी सांगायची. मी तिला आक्का म्हणायची, ती मला बये म्हणायची. आम्ही दोघी त्या लाइनीवर रोजंदारीनं लागलो. आधी खडीची घमेली वाहिली. मग मुकादमानं आम्हाला पुलावर घेतलं.

हा मुकादम कळंबच्या बाजूचा. उभी नोकरी खऱ्या रेल्वेत, घाटातल्या पुलांवर रूळ सांभाळण्यात गेली होती. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून इथं आला. आम्ही त्याला मामा म्हणायचो. बोलायचा कमी, पण पुलाचा विषय निघाला की थांबायचा नाही. साध्या जमिनीवर रूळ टाकणं आणि पुलावर टाकणं यात किती फरक आहे ते मला त्यानं शिकवलं. जमिनीवर स्लीपरच्या खाली खडी असते. स्लीपर खाली बसला की खडी ठोकून परत वर घेता येतो. पुलावर खडी नाही. लोखंडी गर्डर, त्यावर थेट लाकडी स्लीपर, आणि स्लीपर हलू नये म्हणून त्याच्यातून खाली गर्डरला धरणारे हुकाचे बोल्ट. धक्क्यांनी ते बोल्ट रोज थोडे सैल होतात. रोज कुणीतरी पाना घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि प्रत्येक बोल्ट हातानं बघायचा. डोळ्यांनी सैल बोल्ट दिसत नाही, असं तो म्हणायचा.

दुसरी गोष्ट पुलाच्या तोंडाची. पूल खाली बसत नाही आणि त्याच्या शेजारचा मातीचा भराव बसत राहतो. मग जिथं भराव संपून पूल लागतो तिथं रुळाला खड्डा पडतो आणि चाक तिथं उडतं. म्हणून तोंडाची खडी रोज ठोकायची, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. तोंडावर रुळाचा सांधाही येऊ द्यायचा नाही. आमच्या पुलावर सांधा बरोबर तोंडावरच आला होता, कारण हातात होते ते रूळ तेवढ्याच लांबीचे होते. मामा त्यावरून साहेबाशी भांडला होता. साहेब म्हणजे कंपनीचा इंजिनिअर, नुकता शिकून आलेला, गोरागोमटा. तो म्हणाला होता की मलब्याचे डबे आहेत मामा, आगगाडी नाही. मामा म्हणाला, चाकाला काय ठाऊक वर काय भरलंय.

तिसरी गोष्ट आतल्या रुळांची. पुलावर गाडीच्या दोन रुळांच्या आत आणखी दोन रूळ टाकतात. त्यांच्यावर चाक कधीच चालत नाही. गाडी घसरली तर उतरलेलं चाक त्या आतल्या रुळाला अडतं आणि डबा पुलावरून खाली जात नाही, एवढंच त्यांचं काम. आक्कानं पहिल्या दिवशीच विचारलं होतं की ज्यांच्यावर गाडी जात नाही ते रूळ आम्ही कशाला घासायचे. मामानं उत्तर दिलं, "तू घरात दाराला कडी लावतीस ना? चोर रोज येतो का?"

"आमच्यात चोर जावई हुऊन आला," आक्का म्हणाली. "कडी काय करील?"

मामा हसला नाही, पण त्या दिवसापासून पाना तिच्या हातात द्यायला लागला. पाना आम्ही आळीपाळीनं वापरायचो. एकीनं बोल्ट आवळायचा, दुसरीनं बोल्ट सैल लागेल त्या स्लीपरवर खडूनं फुली मारायची. गावात चेष्टा व्हायची. आक्का माझ्या नवऱ्याला म्हणायची, "बाबा, तुझी बायकू आता नटबोल्ट पिळती. कान जपून ऱ्हा." नवऱ्याला ते आवडायचं नाही, पण थोरल्या बहिणीपुढे बोलायची त्याची टाप नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी बोगदा भराभर पुढे सरकला आणि आत टाकायला रूळ कमी पडले. साहेबानं पुलावरचा उजव्या बाजूचा आतला रूळ उपटून बोगद्यात नेला. मामा सुट्टीवर होता, त्याला विचारलं नाही. आल्यावर मामानं पुलावर उभं राहून विचारलं, माझा रूळ कुठं गेला. साहेब म्हणाला, पाच-सहा दिवसांसाठी नेलाय, नवे आले की बसवू. वर कळवलंय.

हे 'वर कळवलंय' मी इतक्यांदा ऐकलंय की वर कुणी आहे का नाही याचीच मला शंका यायची. श्रावण गेला. गणपती बसले, उठले. मामा दर सोमवारी साहेबाच्या तंबूत जायचा आणि रिकामा परत यायचा. शेवटी त्यानं साहेबाला सांगितलं की एक तर दोन्ही बाजूंचे ठेवा, नाहीतर डावीकडचाही काढून न्या, म्हणजे निदान सगळ्यांना कळेल की पुलावर काही नाही. साहेब म्हणाला, मामा तुम्ही फार मनाला लावून घेता.

हे सगळं सांगायचं कारण, मामा हा असा माणूस होता. एका बोल्टसाठी साहेबाशी भांडणारा. म्हणून पुढं जे झालं ते मला जास्त लागतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजेला लावतात. विळा, कोयता, कुदळ, पहार, जे हातात धरून पोट भरतो ते सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याला दुपारी सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावायचा नाही. मामाच्या शेडमध्ये ही पूजा मोठी व्हायची. रेल्वेत असताना त्यानं कधी चुकवली नव्हती म्हणे. मला हे आता उमगतं की रेल्वेत त्याची हत्यारं पूजेला बसायची तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी चालू असतील, कारण खरी रेल्वे काही नवमीला बंद नसते. इथं आमच्याकडे पाने दोनच होते आणि दोन्ही पूजेला.

त्या आठवड्यात परतीचा पाऊस लागला होता. नवमीला सकाळी पूजा झाली. मलबा वाहायचं काम दोन दिवस बंद होतं. दुपारी पाऊस थांबला तेव्हा मी सवयीनं पुलाकडे गेले. तोंडाचा भराव बसला होता. पहिल्या स्लीपरवर पाय देऊन उभी राहिले तर कडेनं चिखल वर आला. म्हणजे स्लीपरखाली खडी उरलीच नव्हती, पाणी होतं. पुढच्या गर्डरवरचे चार बोल्ट मी बोटांनी फिरवले. चारही फिरले. पाना न लावता, नुसत्या बोटांनी. खडू जवळ होता, चार फुल्या मारल्या आणि शेडमध्ये आले.

मामाला सांगितलं. तो पूजेसमोर बसला होता, कपाळाला गुलाल. त्यानं ऐकून घेतलं, किती बोल्ट, कुठले, सगळं विचारलं. मग म्हणाला, "उद्या दुपारी सोनं वाटून झालं की पयलं काम त्येच. तवर गाडी कुठं चालनार हाय?"

मी म्हणाले, पाना द्या, आत्ता जाऊन येते, अर्ध्या तासाचं काम.

"बाई, पूजेवरचं हत्यार उचलायचं नसतं. मी तीस वर्सं उचललं न्हाई."

मी पुन्हा पाना मागितला नाही. मला ते पटलं होतं असं नाही, पण चुकीचंही वाटलं नव्हतं. आमच्या घरचे विळे-कोयते तसेच मांडलेले होते. सकाळी भाजी चिरायला विळी नाही म्हणून नवऱ्याला पिठलं घातलं होतं, आणि मी स्वतः ती विळी उचलली नव्हती. मग मामाला काय बोलणार? शिवाय गाडी बंद होती. गाडी बंद असताना सैल बोल्ट कुणाला काय करणार?

गाडी बंद असते ती मलब्याची. हे माझ्याही डोक्यात आलं नाही आणि मामाच्याही नाही. हत्यार आणि वाहन यांत आपल्याकडे फरक आहे. हत्याराची पूजा केली की ते दुपारपर्यंत हलवायचं नाही, आणि वाहनाची पूजा केली की चाकाखाली लिंबू ठेवून लगेच एक फेरी मारायची. बैलगाडी असो, मोटारसायकल असो. दसऱ्याला सकाळी ड्रायव्हरनं इंजिन धुतलं, माळा घातल्या, आणि साहेबानं ठरवलं की बोगद्याच्या तोंडाशी देवीचा फोटो मांडलाय तिथं सगळ्यांनी गाडीतून जायचं. नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. सगळ्यांना हौस. रोज मलबा बसतो त्या डब्यांत एक दिवस माणसं बसणार होती. डबे धुऊन आत गोणपाट अंथरले होते.

मामा शेडमध्ये आंघोळीला गेला होता. त्याला कुणी सांगितलं नाही. गाडी चालवायची तर आधी पूल बघितलेला असावा, ही गोष्ट त्या सगळ्या सजावटीत एकाच्याही मनात आली नाही.

मी आले तेव्हा माणसं बसत होती. इंजिनात ड्रायव्हर आणि साहेब. पहिल्या दोन डब्यांत बोगद्यातले कामगार आणि हलगीवाला. तिसऱ्यात बायका. आक्का, आमच्या टोळीतली वरच्या वाडीची एक बाई, आणि ड्रायव्हरची बायको, जी आठ दिवसांपूर्वी तिच्या मुलखातून आली होती आणि मराठीचा एक शब्द जाणत नव्हती.

मी साहेबाला म्हणाले, पुलाच्या तोंडाशी बोल्ट सैल आहेत, आज नको.

तो म्हणाला, हळू नेतो, काळजी करू नका, बसा तुम्ही पण.

मी बसत नाही म्हटल्यावर आक्का डब्यातून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब. आमची बया मुकादमीन झालीया. ती पायी येईल, रूळ मोजत."

सगळे हसले. मीही थोडी हसले, हे मी लपवत नाही.

मामानं आम्हाला पहिल्याच महिन्यात एक नियम शिकवला होता. रूळ खराब दिसला तर गाडीसमोर लाल काहीही धरून उभं राहायचं. झेंडी नसली तर लुगड्याचा पदर चालतो. समोर मोठा साहेब असला तरी हटायचं नाही. त्या दिवशी मी नवं लाल लुगडं नेसले होते. सणाचं. मी पदर धरून रुळावर उभी राहिले असते तर गाडी थांबली असती. ड्रायव्हर थांबलाच असता. पण सण होता, माळा होत्या, नारळ होता, आणि अशा वेळी आडवी येणारी बाई म्हणून मला नावं ठेवली असती. म्हणून मी बाजूला झाले आणि मागून चालत निघाले. मामानं पाना उचलला नाही आणि मी पदर उचलला नाही. दोघांचं कारण एकच.

इंजिन जड, ते हळूच तोंडावरून गेलं. त्याच्या भारानं पहिला स्लीपर आणखी दबला. दोन भरलेले डबे गेले. तिसरा हलका, आणि तिघी फुगलेलं पाणी बघायला उजव्या बाजूला सरकलेल्या. तो उडाला.

उजवं चाक रुळाच्या बाहेर पडलं. डावं चाक रुळाच्या आतल्या बाजूला पडलं आणि तिथं जो डावीकडचा आतला रूळ अजून होता, त्याला जाऊन टेकलं. डबा त्याच्यावर थांबला. डबा डावीकडे उतरला असता तर त्याला धरायला उजवीकडे काही नव्हतं. हे मला नंतर समजलं असं नाही. त्याच क्षणी, मागे उभी राहून, मी ते पाहिलं.

मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, गाडी सूतभर हलवू नको. आणि शेडकडे पळाले. दोनशे पावलं असतील. पळताना एकच विचार होता की साखळी पाहिजे, पहार पाहिजे.

मामा धोतर नेसून पूजेसमोर उभा होता. मी म्हणाले डबा उतरलाय पुलावर, आक्का लोंबतीय, साखळी द्या.

तो म्हणाला, "दुपारपतूर..."

एवढंच म्हणाला आणि थांबला.  मी त्याच्या बाजूनं आत गेले, पूजेत पाय पडला, तांब्यावरचा नारळ गडगडला. पहार उचलली. तिला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मागं वळले तर मामानं साखळी गळ्यात घातली होती आणि तो माझ्यापुढं पळत होता, साठी उलटलेला माणूस, अनवाणी.

साहेब इंजिनातून उतरून पुलावर उभा होता आणि डबा मागं ओढायला सांगत होता. मामानं त्याच्याकडे बघितलंही नाही. "सायेब, तुमी खाली बसा. पुलावर उभं ऱ्हायची सवय न्हाई तुमाला." साहेब खरंच बसला, स्लीपरवर, दोन्ही हातांनी रूळ धरून.

मामा पोटावर झोपला आणि डब्याच्या डाव्या काठातून साखळी ओवून खाली गर्डरला दोन वेढे दिले. मग म्हणाला, आता खीळ गेली तरी चालंल. पहिल्यांदा ड्रायव्हरच्या बायकोला काढलं. तिला बोललेलं कळत नव्हतं, म्हणून वरच्या वाडीच्या बाईनं तिला मागून धरून डावीकडे ढकललं आणि मी ओढलं. मग ती बाई स्वतः निघाली, मांजरीसारखी, कुणाचा हात न घेता. तिचं वजन निघालं तशी खीळ सुटली. डबा पलटायला गेला आणि साखळीला बसला. लोखंडाचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

आक्का राहिली. दांडीत तिचा घोटा पिळला गेला होता. मी डब्यात उतरले. पहार दांडीखाली घातली. दांडी वाकवायची तर पायावरच जोर येत होता, दुसरी जागा नव्हती.

मी म्हणाले, आक्का, पाय मोडंल.

"मोड मग. इचारतीस काय? सण संपायचा."

मी जोर दिला. दांडी थोडी वाकली आणि पाय मोडला. दोन्हीचे आवाज एकदमच आले. लोक म्हणतात डबा घसरून आक्काचा पाय मोडला. ते खरं नाही. पाय मी मोडला. मामानं तिला काखेत धरून वर घेतलं. दुपारी गावात सोनं वाटत होते तेव्हा आम्ही घोडेगावच्या दवाखान्यात होतो. आक्कानं डॉक्टरच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाली, सोनं घ्या, पण पाय सरळ बसवा. तो सरळ बसला नाही.

आता रागाची गोष्ट सांगते. पाय मोडला त्याचा मला राग नाही.

कुणी मेलं नाही, म्हणून काही झालं नाही. साहेबाच्या वहीत लिहिलं होतं की डबा घसरला, नुकसान नाही. मला वाचता येतं, मी वाचलं. पाय हे नुकसान धरत नाहीत बहुतेक. तिसऱ्या दिवशी मलबा पुन्हा सुरू झाला. मामा साहेबाच्या तंबूत गेला, मीही गेले. मामा म्हणाला, आता तरी उजवीकडचा आतला रूळ द्या, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय.

साहेब म्हणाला, "पण मामा, एका बाजूच्या रुळानं धरलंच की."

 तो वाईट नव्हता. आक्काला बघायला दवाखान्यात आला होता, मोसंबी घेऊन. पण त्याच्या मनात हिशेब असा बसला होता की अर्ध्यात भागतं, हे आता सिद्ध झालंय. मामा जो रूळ ठेवायला भांडला होता तोच रूळ मामाच्या विरुद्ध साक्षीला उभा केला त्यानं.

मामा उठला. शेडमध्ये गेला, दोन पान्यांतला एक त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता, रेल्वेतला, तो पिशवीत घातला आणि निघाला. मी त्याला सडकेपर्यंत सोडायला गेले. वाटेत मला वाटलं तो साहेबाला शिव्या देईल. तो म्हणाला, "बाई, तू नवमीला पाना मागितला तवा मी दिला असता तर काय झालं असतं? देवानं मारलं असतं का मला?"

मी म्हणाले, नसतं मारलं.

"मंग तेवढंच," तो म्हणाला आणि कळंबकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसला. मी त्याला समजवायला पाहिजे होतं, पदराचं सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. तो एकट्याची चूक समजून गेला. काही वर्षांनी वारला तेव्हाही मला तिसऱ्याकडून कळलं.

बोल्ट आवळायचं काम माझ्या एकटीकडे आलं. नवा मुकादम आला, तो पुलावर चालायला घाबरायचा. उजवीकडचा आतला रूळ बोगदा संपेपर्यंत आला नाही. मी रोज सकाळी तोंडाची खडी ठोकायची, रोज सगळे बोल्ट फिरवायची, आणि रोज त्या रिकाम्या जागेकडे बघून शिवी घालायची. पुढच्या वर्षी खंडेनवमीला शेडमध्ये पूजा मांडली. नव्या मुकादमानं मोजून सगळी हत्यारं मांडली. उरलेला एकमेव पाना मात्र सापडला नाही. सगळ्यांनी शोधला, मीही शोधला. तो माझ्या कमरेला होता, लुगड्याच्या आत. संध्याकाळच्या आत सगळे बोल्ट बघून झाले. दसऱ्याला दुपारनंतर पाना शेडच्या मागे गवतात सापडला. देवाचं म्हणाल तर मी त्याला सांगितलं होतं.

बोगदा झाला. रूळ उपटून नेले, गर्डरही नेले. ओढ्यात दगडी खांब तेवढे उभे आहेत, त्यांच्यावर बगळे बसतात. कालव्याला पाणी आलं. कुणाच्या शेतात आलं आणि कुणाच्या आलं नाही, ती निराळी कटकट.

दोन हजार सालानंतर कधीतरी माझ्या बहिणीकडे कळंबला गेले होते, तर तिथं रेल्वे येणार म्हणून मोजणीवाले आले होते. शेतात खुंट्या मारत होते. मी त्यातल्या एकाला विचारलं, घोड नदीवर पूल करणार का? तो म्हणाला, करावाच लागेल आजी. मी विचारलं, पुलावर आतले रूळ दोन्ही बाजूंना टाकणार का एकाच? त्यानं आधी माझ्याकडे आणि मग जोडीदाराकडे बघितलं आणि म्हणाला, ते काम दुसऱ्या खात्याचं. खुंट्या पुढच्या पावसात वाहून गेल्या. रेल्वे अजून यायची आहे.

आक्कानं पाय बरा झाला तर लेण्याद्रीच्या गणपतीला पायऱ्या चढून येईन असं बोलून ठेवलं होतं. पाय तसा बरा झाला नाही, पण बोललेलं मोडायला ती तयार नव्हती. शेवटी आम्ही तिला डोलीत बसवून नेलं. चार माणसं खांद्यावर घेऊन चढत होती आणि ती वरून सांगत होती, "भाऊ, कडंनं चालू नका. मला कडंचा अनुभव हाय." खाली आल्यावर म्हणाली, गणपतीला सांगितलं की पाय तूच दिलास आणि भावजयीनं मोडला, तुमचं तुम्ही बघा.

ड्रायव्हरची बायको महिन्याभरात तिच्या मुलखात परत गेली. वरच्या वाडीची बाई अजून भात लावायला जाते. आक्का माझ्याच घरात आहे, काठी घेऊन, आणि आत्ता ओट्यावरून विचारतेय की एवढं काय लिहितेस. तिसऱ्या डब्यात तिघी होत्या. तिघीही वाचल्या.